एक नंबर, आर्दिलेस

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी चारच्या सुमारास फुटबॉल सुरू होतो. वॉचमन जेवून लवंडलेला असतो, तेवढीच संधी. काल गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढताना खाली पाहिलं, तर निम्म्याहून अधिक पोरांच्या पाठीवर दहा आकडा. मेस्सी, मेस्सी आणि पुन्हा मेस्सी. दोन स्कूटरींच्या मधला गोलकीपरसुद्धा दहा नंबरच. पूर्वी निदान गल्लीत एकजण तरी नाइलाजाने गोली व्हायचा आणि तसा दिसायचाही.

मला मात्र आठवला अर्जेंटिनाचा ओसी आर्दिलेस. 1982 च्या वर्ल्ड कपमध्ये हा गडी पाठीवर 1, म्हणजे एरवी गोलकीपरचा आकडा, लावून मधल्या फळीत खेळला होता. अर्जेंटिनावाले त्या काळी आडनावाच्या वर्णानुक्रमाने नंबर वाटायचे. 1978 ला अलोन्सो नावाचा एकजण यादीत त्याच्या आधी होता म्हणून आर्दिलेसला 2 मिळाला. 82 ला अलोन्सो संघात नव्हता, म्हणून हा 1. गोलकीपर फियोलच्या पाठीवर 7. नियम म्हणजे नियम. फक्त मॅराडोनाचा आकडा हिशेबाने 12 येत होता, त्याला 10 दिला. प्रत्येक वर्गात बाईंचं एखादं लाडकं असतंच.

माझं माहेरचं आडनाव आ-वरून. हजेरीपटावर मी पहिली. ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. तोंडी परीक्षा, कविता पाठ म्हणून दाखवणं, शाळेत डॉक्टर सुई घेऊन आले की दंड पुढे करणं, सगळ्याला "चला, एक नंबर". मधले ज-वाले आणि क-वाले आमचे हाल पाहून शहाणे व्हायचे. शेवटच्या क्ष-वालीपर्यंत पाळी यायच्या आत घंटा व्हायची, आणि ती वर्षभर एकही कविता पाठ न करता पास व्हायची. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. आर्दिलेसवर जीव जडला तो या आडनावाच्या नात्याने, फुटबॉल फार नंतर आला.

त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मात्र सिनेमात. मे महिन्याच्या सुट्टीत काकाने भाड्याचा व्हीसीआर आणला होता. त्यात युद्धकैद्यांनी जर्मनांशी फुटबॉल खेळण्याचा एक सिनेमा. वाड्यातली सगळी पोरं पेलेसाठी जमलेली. पेलेने हवेत उलटं होऊन मारलेला गोल झाला, आरडाओरडा झाला, शेजारच्या आजी काय पडलं ते बघायला आल्या. पण माझं लक्ष एका चणीने लहान माणसाकडे. तो पळता पळता बॉल दोन पावलांत धरायचा, टाचेने मागून वर उडवायचा, बॉल त्याच्याच डोक्यावरून कमान करून पुढे पडायचा आणि हा काही झालंच नाही अशा चेहऱ्याने त्याला जाऊन गाठायचा. काकाने तेवढाच तुकडा इतक्यांदा मागे घेतला की पडद्यावर आडव्या रेघा येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गँग अंगणात टाचा झाडत होती. दादाचा बॉल कसाबसा उडाला तो थेट कौलांवर. "तो नट नाहीये, खराखुरा वर्ल्ड कप जिंकलेला आहे," काका म्हणाला.

खरंच जिंकलेला. कोर्दोबाचा पोरगा, कायद्याचा अभ्यास करता करता फुटबॉल खेळणारा. 1978 च्या संघात पुढे केम्पेस, मागे गायेगो, आणि या दोघांच्या मधे आर्दिलेस. फायनलमध्ये नेदरलँड्सला 3-1 हरवलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत लंडनच्या टॉटनहॅम क्लबचे मॅनेजर कीथ बर्किन्शॉ ब्युनोस आयर्सला हजर. इंग्लंडच्या क्लबांत तोवर परदेशी खेळाडू क्वचितच दिसे. याने होकार दिला आणि विचारलं, माझ्या मित्रालाही घ्याल का? तो मित्र म्हणजे रिकी व्हिला. एकाला आणायला गेले आणि दोघांना घेऊन आले. टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर पहिल्या घरच्या मॅचला प्रेक्षकांनी अर्जेंटिनात करतात तसा कागदाच्या कपट्यांचा पाऊस पाडला. मॅच ॲस्टन व्हिलाविरुद्ध होती, 4-1 ने हरले. दहा दिवसांत लिव्हरपूलकडे 7-0. अशा सुरुवातीनंतर दुसरा कुणी बॅगा भरून घरी गेला असता. हा राहिला. पुढे त्याच्यावर गाणं निघालं, आणि त्यात टॉटनहॅमचा चुकीचा उच्चार त्याच्याकडूनच गाऊन घेतला. 1981 चा एफए कप, इंग्लंडातल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, तोही आला. बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेल्या त्या फायनलमधला व्हिलाचा गोल अजून लोक दाखवत असतात.

मग एप्रिल 1982. दोन तारखेला अर्जेंटिनाचं सैन्य ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरलं. तीन तारखेला बर्मिंगहॅमला एफए कपची सेमीफायनल, लेस्टरविरुद्ध. याच्या पायाला बॉल लागला की लेस्टरवाले हुर्यो करायचे आणि टॉटनहॅमवाले, इंग्लंडातले इंग्लिश लोक, उलट "अर्जेंटिना, अर्जेंटिना" ओरडायचे. टॉटनहॅम 2-0 ने जिंकलं. आधीच ठरल्याप्रमाणे तो वर्ल्ड कपच्या तयारीसाठी मायदेशी गेला. एक मे रोजी त्याचा चुलतभाऊ, हवाई दलातला वैमानिक होसे आर्दिलेस, त्या बेटांजवळ मारला गेला. जूनच्या तेराला बार्सिलोनात बेल्जियमविरुद्ध वर्ल्ड कपची पहिली मॅच, अर्जेंटिना 0-1 हरली. चौदाला बेटांवर अर्जेंटिनाची शरणागती. पुढच्या मोसमात लंडनला परतणं शक्य नव्हतं, काही महिने पॅरिसच्या क्लबात काढले, आणि मग आला परत. तिथेच, त्याच लोकांत. हे कसं जमवलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला ते आजवर उलगडलेलं नाही.

मॅनेजर म्हणून त्याची कथा वेगळीच, कधी हसू येतं, कधी कीव. 1990 मध्ये स्विंडन क्लबला त्याने वेम्बलीवर बढतीसाठीचा प्लेऑफ जिंकून देऊन पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. दहा दिवसांत कळलं, क्लबात तो येण्याच्या आधीच्या पैशाच्या भानगडींपायी बढती रद्द. शिक्षा आधी दोन पायऱ्या खाली घसरण्याची, ती अपिलात कमी होऊन होते तिथेच, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, राहिले. चार वर्षांनी टॉटनहॅमला पुन्हा तेच: आधीच्या लोकांनी केलेल्या व्यवहारांची शिक्षा, गुण कापले, एफए कपची बंदी, आणि खुर्चीत हा. नंतर गुण आणि कपमधली जागा परत मिळाली, पण तोवर हा गेलेला. मधल्या काळात न्यूकॅसलला पोरसवदा संघ घेऊन तळाला गेला. त्याची नोकरी पक्की आहे असं चेअरमननी जाहीर सांगितलं आणि आठवडा व्हायच्या आत ती केविन कीगनला दिली. चेअरमननी पाठीवर थाप मारली की आवराआवर करावी, हे मला त्यानंतर नोकरीत कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि टॉटनहॅममधलं 1994 चं ते प्रसिद्ध वेड. क्लिन्समन, शेरिंगहॅम, डुमिट्रेस्कू, अँडर्टन, बार्मबी: पाचही जण पुढे जाणारे. पहिली मॅच शेफील्ड वेन्सडे क्लबच्या मैदानावर, 4-3 ने जिंकली. क्लिन्समनने गोल करून गवतावर पोटावर सूर मारला. ऑक्टोबरात मँचेस्टर सिटीने 5-2 मारलं, चार दिवसांनी लीग कपमध्ये नॉट्स काउंटीने 3-0, आणि महिना संपता संपता नारळ.

जन्मभर मधली जागा सांभाळलेल्या माणसाने मॅनेजर झाल्यावर मधेच कुणाला ठेवू नये? मला वाटायचं, जे त्याला सहज यायचं ते काम आहे हेच त्याच्या लक्षात नसावं. मॅच बघताना मला एक खोड आहे, बॉलपेक्षा मी मधल्या माणसाची मान बघते. पास यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून बघून घेतो का. जुन्या क्लिपांमध्ये आर्दिलेस बघतो. बॉल पायाशी येण्याआधी मान डावीकडे, मग उजवीकडे, पुढचा पास डोक्यात झालेला. ज्याची मान आपोआप फिरते त्याला दुसऱ्याला "मान फिरव" असं सांगायचं सुचत नसेल.

असं मी एकदा नवऱ्याला मोठ्या थाटात ऐकवलं. तो म्हणाला, मग स्विंडनचं काय? ते तर मधूनच खेळायचे, चार मिडफिल्डर चौकटच्या आकारात लावून. आणि जपान? तेही खरंच. शिमिझू एस-पल्सला त्याने 1996 चा लीग कप जिंकून दिला, 1998 ला तिथला सर्वोत्तम मॅनेजर ठरला, पुढे तोक्यो वेर्डीला एम्परर्स कपही मिळवून दिला. तिकडे जुन्या पापांची बिलं कुणी त्याच्या नावावर फाडली नाहीत. माझा सिद्धांत तिथे कोलमडला आणि तो पुन्हा उभा करायचा मला कंटाळा आला.

2014 च्या जानेवारीत तो एका माहितीपटाच्या शूटिंगसाठी फॉकलंडला गेला. युद्धाला बत्तीस वर्षं होत आलेली. तिथल्या रस्त्यावर गाडीला अपघात झाला, डोक्याला टाके पडले, निभावलं. सोबत होता अर्थातच रिकी व्हिला.