चऱ्याचे हस्ताक्षर

नवे टायर बसवून झाल्यावर आपण पाहतो ते टायर. काळेभोर रबर, त्यावर उभे राहिलेले केसांसारखे बारीक तंतू आणि अजून एकही खडा न अडकलेल्या खाचा पाहण्यातच मन रमते, आणि ज्या चाकावर हे सारे चढलेले असते त्याच्याकडे लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते. गाडी शेडबाहेर आली, ऊन पुढच्या डाव्या चाकावर तिरपे पडले आणि रिमच्या कडेवर बोटभर लांबीची एक रेघ लखकन चमकली. जवळ जाऊन पाहिले, तर रेघेच्या टोकाला रंगाचा एक टवकाही उडालेला होता.

“तो आधीपासूनच होता, साहेब,” टायर बसवणारा म्हणाला. त्याच्या स्वरात लबाडी मुळीच नव्हती. हे वाक्य दिवसातून अनेकदा म्हणावे लागत असल्यासारखा थकवा तेवढा होता. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण इतकी वर्षे ज्या चाकांवर मी फिरलो, ती आदल्या दिवशी नेमकी कशी दिसत होती हे मला शपथेवर सांगता आले नसते.

मग मी तो चरा वाचायला बसलो. अक्षरशः उकिडवा बसलो. चऱ्याला हस्ताक्षर असते, हे मला तेव्हा कळले. पदपथाच्या दगडी कडेला चाक घासले की चाकाचा सर्वांत बाहेर आलेला भाग खरवडला जातो आणि तिथे परिघाच्या दिशेने जाणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या अनेक खरखरीत रेषा उमटतात. माझ्या चाकावरचा चरा तसा नव्हता. तो एकटा होता, खोल होता, आणि टायर जिथे रिमला टेकतो त्या बाजूने निघून बाहेरच्या दिशेला आला होता. शिवाय तो चमकत होता. उघडी पडलेली अॅल्युमिनियमची धातू थोड्याच दिवसांत निस्तेज होते, आणि जुन्या चऱ्यात ब्रेकची काळी पूड जाऊन बसते. या रेघेत पूड नव्हती. होता तो टायर चढवताना लावलेल्या साबणाचा ओलसर फेस.

हे घडते कसे, हे पाहायचे तर यंत्राजवळ उभे राहावे लागते. टायरच्या कडेत पोलादी तारांचे कडे असते आणि ते मुळीच ताणत नाही. मग रिमपेक्षा लहान तोंडाचा टायर रिमवर चढतो कसा? त्यासाठी रिमच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ ठेवलेली असते. टायरच्या कडेची एक बाजू त्या पन्हळीत दाबून धरली, की समोरच्या बाजूला तेवढी सैल जागा मिळते आणि यंत्राचे बोट ती कड अलगद रिमच्या आत उतरवते. सगळे कौशल्य त्या दाबून धरण्यात आहे. कड पन्हळीतून निसटली की यंत्र जोराने काम करू पाहते, पहार तिरकी होते आणि लोखंड अॅल्युमिनियमवर सरकते. यंत्राच्या बोटाला प्लॅस्टिकचे आवरण असते ते याचसाठी. पण ते झिजते, आणि झिजलेले आवरण बदलण्याचे काम उद्यावर ढकलण्याजोगे असते. त्यातून टायर कमी उंचीचा आणि बाजूच्या कडक भिंतीचा असेल, तर त्याच्याशी झोंबणाऱ्या माणसाची मला दयाच येते. पूर्वीच्या पोलादी चाकांवर असे शंभर चरे पडत असतील, पण वर झाकण बसले की सगळे झाकून जात असे. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अलॉय चाक आले आणि झाकण गेले.

पुरावा आणखी भक्कम करावा म्हणून मी जुने टायर पाहायला मागितले. चाक दगडाला घासले असते तर त्याच्या टायरची भिंतही खरचटली असती, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. ढिगाऱ्यातून चारही टायर काढण्यात आले. दोहोंच्या भिंती स्वच्छ होत्या, दोहोंच्या खरचटलेल्या होत्या, आणि कोणता टायर कोणत्या चाकाचा हे आता कोणालाही सांगता येत नव्हते. आम्ही दोघे बराच वेळ त्या चार साक्षीदारांकडे पाहत राहिलो. शेवटी तो म्हणाला, “बॅलन्सिंगचे पैसे राहू द्या.” चूक कबूल न करता ती मान्य करण्याचा याहून सभ्य मार्ग मला तरी माहीत नाही, म्हणून मीही मान डोलावली.

महत्त्वाची तपासणी मात्र केली. टायरची कड रिमवर जिथे बसते त्या जागेवर खोल ओरखडा असेल, तर हवा हळूहळू झिरपत राहते. आणि चाकाला तडा गेला असेल, तर रंगरंगोटीचा विचार सोडून ते चाक वापरातून काढावे लागते. साबणाचे पाणी लावून पाहिले, एकही बुडबुडा आला नाही. दुखापत केवळ दिसण्यापुरती होती. तरी ती तशीच सोडून चालत नाही, कारण वरचा पारदर्शक थर एकदा फुटला की ओलावा त्याखाली शिरतो आणि थराच्या आत पांढरट, किड्यांच्या वाटांसारखे डाग पसरू लागतात. ज्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत केलेला असतो, त्यांची दुरुस्ती पुन्हा कातूनच होते, आणि दर वेळी थोडी धातू जात असल्याने ती फार वेळा करता येत नाही. माझे चाक साधे, रंगवलेले होते. बारीक पॉलिश कागदाने टवक्याची धार मोडली, जागा पुसून कोरडी केली, रंगाचे दोन पातळ हात दिले आणि वर पारदर्शक लॅकर चढवले. माझा हात चित्रकाराचा नाही, हे जवळून पाहणाऱ्याला लगेच कळते.

आता दुकानात गाडी देण्यापूर्वी मी चारही चाकांची छायाचित्रे काढतो, उजेड तिरपा पडेल अशा बेताने, प्रत्येक चाकाची दोन. घरातले कोणी लग्नाचे फोटो शोधायला माझा फोन घेते, तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या नवरीनंतर ओळीने आठ चाके येतात, आणि पाहणारा क्षणभर थांबून माझ्याकडे पाहतो.