पेटंट कोणाचे, कंपनी कोणाची?

विद्यापीठातील संशोधनातून कंपन्या निघाव्यात, असे गोव्यात आता सगळेच म्हणतात. राज्याचे स्टार्टअप धोरण २०१७ मध्ये आले, वेर्ण्याला आणि फातोर्ड्याला इनक्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा व मदत देणारी केंद्रे, आहेत आणि उद्घाटनाच्या समयाही वरचेवर पेटतात. मात्र शोधाची मालकी कोणाकडे राहणार, हा प्रश्न अशा कार्यक्रमांत क्वचितच निघतो. अभ्यासकांना मात्र तोच कळीचा वाटत आला आहे.

अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली. त्याचे गोडवे पुष्कळ गायले गेले. नॉर्वेची कथा नेमकी उलट्या बाजूने सुरू होते. तिथे प्राध्यापकाच्या शोधावर प्राध्यापकाचाच पूर्ण हक्क असे. २००३ मध्ये तो विद्यापीठाकडे गेला आणि संशोधकाच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश उत्पन्न उरले. ह्विडे आणि जोन्स या अर्थशास्त्रज्ञांनी कंपन्यांच्या व व्यक्तींच्या सरकारी नोंदी जुळवून, विद्यापीठाबाहेरच्या लोकांशी तुलना करत, या बदलाचा परिणाम तपासला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की विद्यापीठीय संशोधकांनी कंपन्या काढण्याचे आणि पेटंट घेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

इतकी घसरण का व्हावी, याचा उलगडा जेन्सन आणि थर्सबी यांच्या २००१ च्या पाहणीतून बराचसा होतो. अमेरिकी विद्यापीठांनी उद्योगांना दिलेले बहुतेक शोध तेव्हा फार कच्चे होते. कित्येकांचा तर साधा नमुनाही तयार नव्हता आणि संशोधक सोबत राहिल्याशिवाय त्यांतले बरेचसे तडीस जाण्यासारखे नव्हते. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, मिठागरांतील क्षारप्रिय सूक्ष्मजीवांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. असा जीव प्रयोगशाळेत वाढवायचा तर कोणत्या आगरातला गाळ कोणत्या महिन्यात घ्यावा, माध्यमात मीठ किती असावे आणि वाढ खुंटली तर काय बदलून पाहावे, हे सगळे पेटंटच्या कागदावर मावत नाही. ते ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्याने संध्याकाळचे तास कंपनीला द्यावेत अशी अपेक्षा असेल, तर त्याचा वाटा आधीच ठरलेला हवा. नाहीतर तो शोधनिबंध लिहून बढती घेईल, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही.

अर्थात नॉर्वेचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे लागू करणे मला धाडसाचे वाटते. पेटंटचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न आपल्याकडच्या एकट्यादुकट्या प्राध्यापकाला फार जड जातो आणि तिथे संस्थेचा आधार लागतोच. केंद्राने बे-डोलच्या धर्तीवरचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले होते. ते २०१४ मध्ये मागे घेतले गेले. त्यामुळे वाटणीचे नियम मुख्यतः ज्या त्या संस्थेच्या धोरणावर सोडलेले आहेत, आणि ताळगाव, फर्मागुडी व झुआरीनगर येथील वेगवेगळ्या संस्थांत एकाच प्रकारचे काम करणाऱ्या तिघांना तीन वेगळ्या अटी लागू शकतात. इनक्युबेटरमध्ये टेबल-खुर्ची मागण्याआधी प्राध्यापकाने आपल्या संस्थेचे ते धोरण मिळवून वाचावे, विशेषतः नोकरीत राहून कंपनीत भागीदारी घेता येते की नाही, हे सांगणारे कलम.