मिशिगनच्या वाळूत पाऊणपटीचा हिशेब

"आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती," पार्किंगमध्ये बुटांच्या नाड्या बांधता बांधता बाबा म्हणाले. "त्याच्या आत पुळणीवरून मागे फिरायला हवं."

दापोलीकडे लहानपण गेलेल्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तिथी दापोलीच्या घड्याळाप्रमाणे की डेट्रॉइटच्या, या भानगडीत बाबा पडले नाहीत. पण आम्ही आलो होतो लेक मिशिगनच्या पूर्व काठावर, नॉर्डहाउस ड्यून्सला. आणि या पाण्याला भरती जवळजवळ नसतेच. जी असते ती दोन इंचांच्याही आत.

मी तसं सांगितलं. पायऱ्या उतरून खाली गेल्यावर बाबांनी समोर पाहिलं. कमरेएवढ्या लाटा येत होत्या, पलीकडचा काठ कुठेच दिसत नव्हता.

"एवढ्या पाण्याला भरती नाही?"

मग त्यांनी वाहून आलेली एक काठी उचलली, लाट जिथे येऊन विरत होती तिथे रोवली आणि घड्याळ बघितलं. साडेबारा.

हे तळं म्हणजे आपलं अख्खं कोकण, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, जवळजवळ दोनदा मावेल एवढं आहे. इथून थोडं दक्षिणेला लुडिंग्टन गाव लागतं. तिथून पलीकडच्या विस्कॉन्सिनला जाणारी बोट चार तास घेते. त्यामुळे पहिल्यांदा येणारा 'तळं' हा शब्द परत घेतो. फरक कळतो तो नाकाला. खारा वास नाही, मासळीचा नाही, ओठांवर मीठ येत नाही. बाबांनी ओंजळ भरून चूळ भरली आणि नळाचं पाणी प्यायल्यासारखा चेहरा केला.

डेट्रॉइटच्या आसपासची आपली मंडळी बहुतेक वेळा उत्तरेला, स्लीपिंग बेअर ड्यून्सला जातात. तिथे गाडी वरपर्यंत जाते, फोटो छान येतात, गर्दीही तेवढीच असते. नॉर्डहाउस त्यामानाने दुर्लक्षित, आणि माझं मत विचाराल तर तसंच राहिलेलं बरं. सुमारे ३,४५० एकरांचा हा तुकडा १९८७ साली कायद्याने 'विल्डरनेस' झाला. म्हणजे रस्ता नाही, बाकडं नाही, टपरी नाही, सायकलसुद्धा आत न्यायची नाही. तंबू ठोकायचा तर पाण्यापासून निदान चारशे फूट लांब. उत्तरेच्या सरकारी कॅम्पग्राउंडपाशी गाडी लावायची आणि पुढे आपले पाय.

आम्ही काठाकाठाने दक्षिणेला निघालो. डाव्या हाताला वाळूच्या टेकड्या, काही चांगल्या दहा-बारा मजली उंच. हिमयुगातल्या बर्फाने दळून मागे टाकलेली वाळू, पश्चिमेच्या वाऱ्याने हजारो वर्षं उचलून काठावर रचलेली. कोरड्या भागावरून पाय जरा घासत चाललं की वाळू चिवचिवते, नव्या चपलेसारखी. हा आवाज गोलसर, स्वच्छ गारगोटीच्या कणांचा. बाबा आधी दचकले, मग मुद्दाम पाय घासत चालायला लागले. एकाहत्तराव्या वर्षी!

दूर दक्षिणेला, शेजारच्या स्टेट पार्कच्या हद्दीत, बिग सेबल पॉइंटचा दीपस्तंभ बोटभर दिसत होता. पांढरा-काळा-पांढरा, ११२ फूट उंच, १८६७ पासून उभा. 'साब्ल' म्हणजे फ्रेंचमध्ये वाळू. तिथवर जायचं नव्हतं. पुऱ्या-चटणी खाऊन आम्ही टेकड्यांमध्ये शिरलो.

पहिल्याच उतारावर बाबा थांबले ते गवतापाशी. मॅरम नावाचं, पात्याला धार असलेलं गवत. साधं झाड वाळूत गाडलं गेलं की मरतं. याच्यावर वाळू चढली की याला उलट जोर येतो, ते वर सरकतं आणि खाली मुळांचं जाळं विणत जातं. टेकडी जागेवर राहते ती याच्या जिवावर. आपल्याकडे वाळू धरून ठेवायला किनाऱ्यावर सुरूची झाडं लावतात, ते काम इथे हे गुडघाभर गवत करतं. म्हणून त्यावरून चालायचं नाही, उघड्या वाळूवरूनच जायचं.

जरा पुढे एक काटेरी झाड होतं. पानं राखाडी, लव असलेली, जणू कुणी पिठात घोळवलेली. टोकाला फिकट दुधी फूल. हा पिचर्स थिसल. जगात फक्त ग्रेट लेक्सच्या, म्हणजे लेक मिशिगन आणि त्याच्या शेजारच्या मोठ्या तळ्यांच्या काठी होतो, आणि अमेरिकेच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. पाच-सात वर्षं नुसती पानं घेऊन वाळूत बसतो, एकदाच फुलतो आणि मरतो.

"म्हणजे आपली कारवी," बाबा म्हणाले.

"पण कारवी सगळी एकदम फुलते. हे ज्याचं त्याचं आपलं."

"अमेरिकन आहे ना," असं म्हणून ते उकिडवे बसले आणि फुलाला हात न लावता बराच वेळ बघत राहिले.

इथवर सगळं ठीक होतं. मग आम्ही चुकलो. चूक सर्वस्वी आमची. नकाशा फोनमध्ये, आणि फोनला रेंज नाही. कागदी नकाशा नवऱ्याने व्यवस्थित घडी घालून गाडीत ठेवलेला. इथल्या वाटांवर खुणा नावापुरत्या, त्याही जंगलात. उघड्या वाळूत वाट अशी नसतेच, काल कुणी गेलं असेल तर रात्रीच्या वाऱ्याने ते पुसलेलं असतं. एका टेकडीवरून उतरून आम्ही वाऱ्याने कोरलेल्या खोलगट जागेत आलो. परातीसारखी जागा, चारी बाजूंना वाळू. मध्ये जुनी वाळकी खोडं उभी होती, कधीकाळी वाळूखाली गाडली गेलेली आणि आता पुन्हा उघडी पडलेली. तिथे उतरताच लाटांची गाज बंद झाली, एकदम. तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ आपण तिच्याच भरवशावर चालत होतो.

नवरा म्हणाला उजवीकडे, मी म्हटलं सरळ. दोघांचेही आवाज चढले.

"अगं, भांडताय काय? तिकडे बघा," बाबांनी हाताने सूर्य दाखवला. "चार वाजून गेलेत. हा बुडणार पाण्यातच, घरच्यासारखा. त्याला समोर ठेवा."

वाळूचा चढ म्हणजे दोन पावलं वर, एक खाली. दोन टेकड्या, मध्ये जुनिपरची झुडपं आणि एक डबकं, मग तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर गाज परत आली. त्यानंतर पाणी दिसलं. नवरा आणि मी एकमेकांशी काठीपाशी पोचेपर्यंत बोललो नाही.

काठीपाशी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. बाबांच्या हिशेबाने भरती नुकतीच भरून गेलेली. काठी होती तशीच होती. लाट तिच्या बुडाशी येत होती, विरत होती.

मग नवऱ्याने समेटाचं म्हणून असेल, सांगायला सुरुवात केली. इथलं पाणी चढतं-उतरतं, पण वर्षांच्या हिशेबाने. पाऊस किती, बर्फ किती, वाफ किती उडाली, त्यावर. २०१३ च्या जानेवारीत पाण्याने नोंदीतला तळ गाठला होता, आणि २०२० च्या उन्हाळ्यात ते त्याहून सहा फुटांनी वर होतं. तेव्हा या काठावर पुळणी नाहीशा झाल्या, कड्यावरची घरं खाली आली.

"सात वर्षांची भरती," बाबा म्हणाले. "याची पाऊणपट कशाची करायची?"

जूनअखेरीला इथे सूर्य साडेनऊला मावळतो. तोवर आम्ही तिथेच बसलो. अंधारायच्या आधी नवऱ्याने सगळ्यांचे पाय तपासायला लावले. माझ्या मोज्यावर एक गोचीड निघाली. "गोचीड म्हशीला होते," बाबा म्हणाले आणि स्वतःचे मोजे मात्र दोनदा उलटे करून बघितले.

निघताना त्यांनी काठी उपटली, मोजून दहा पावलं वर गेले आणि कोरड्या वाळूत परत रोवली, चांगली हातभर आत.

"मी नोव्हेंबरात जाणार परत. तू येऊन बघत जा अधूनमधून," ते म्हणाले, "आणि पाणी कुठवर आलं ते फोनवर सांग."