मुद्दाम हरता का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाही. मी हेवीवेट बॉक्सर आहे आणि एकही लढत विकलेली नाही. कोणी पाकीट पुढे करून 'तिसऱ्या राऊंडला झोप' असं मला कधी सांगितलेलं नाही. तसं सांगायची गरजच कोणाला पडत नाही. हे ऐकलं की लोक एकमेकांकडे बघतात. बघू देत.

छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमात एका कोपऱ्यात तो पोरगा असतो, ज्याच्या मित्रांनी आणि नातेवाइकांनी तिकिटं काढलेली असतात. समोरच्या कोपऱ्यात मी. त्याची कमाई तिकिटांवर, माझी आधी ठरलेली. हलक्या वजनगटातल्यांना वजन उतरवायला आठवडे लागतात. हेवीवेटमध्ये 200 पौंडांच्या, म्हणजे साधारण 90.7 किलोंच्या वर गेलात की पुढे मर्यादाच नाही. म्हणून मला बुधवारी फोन येतो आणि शनिवारी मी रिंगमध्ये असतो. पोरगा दोन-दोन महिने त्याच शनिवारची तयारी करत असतो. मी गुरुवारी त्याचा व्हिडिओ बघतो, मिळाला तर. आता सांगा, यात हरायला आणखी मुद्दाम काय करायचं?

यावर कोणीतरी बस्टर डग्लसचं नाव काढतंच. 1990, टोकियो, समोर विश्वविजेता टायसन, डग्लसवर सट्ट्याचा भाव 42 ला 1, आणि तरी डग्लस जिंकला. अहो, डग्लस आमच्यातला, म्हणजे हरणार असं धरूनच बोलावल्या जाणाऱ्यांतला, नव्हता. 1987 मध्ये तो एका विश्वविजेतेपदासाठी लढून आलेला होता. नावच घ्यायचं तर रॉस प्युरिटीचं घ्या. 1998 मध्ये कीव्हमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, ऑलिम्पिक सुवर्णवाला व्लादिमिर क्लिच्को 24 पैकी 24 जिंकून उभा होता. प्युरिटीच्या नावावर 13 पराभव. त्याने फक्त मार सोसला आणि वाट बघितली. क्लिच्कोचा दम संपला आणि अकराव्या राऊंडमध्ये त्याच्याच माणसांना लढत थांबवावी लागली. हे मीही स्वतःला बऱ्याचदा सांगत आलोय. फक्त त्या लढतीला बारा राऊंड होते. मला चार मिळतात, फार तर सहा. इतक्यात विशीतल्या पोराचा दम संपत नाही.

माझी खरी विद्या वेगळी आहे. हरलं तर चालतं, पडून चालत नाही. नॉकआउट झालात की वैद्यकीय बंदी लागते आणि तेवढे आठवडे कमाई बंद. भुवई फाटली तरी तेच. म्हणून ठोसा ज्या दिशेने जातोय त्याच दिशेने डोकं वळवायचं, हनुवटी खांद्यामागे लपवायची, जवळ आला की त्याचे हात काखेत अडकवून आपलं सगळं वजन त्याच्या मानेवर टाकायचं. अशा मिठीत, म्हणजे क्लिंचमध्ये, मी त्या पोरांशी बोलतोही. 'श्वास घे, अजून दोन राऊंड आहेत.' काही जण शिव्या घालतात. काही खरंच श्वास घेतात. पीटर बकली हेवीवेट नव्हता, पण 300 लढतींपैकी 256 हरलेला तो माणूस हे काम कोणाहीपेक्षा चांगलं जाणत असणार. शेवटची, तीनशेवी, तो जिंकला. ते मात्र कोणी विचारत नाही.

आता ज्या लढतीमुळे तुमचा प्रश्न मला झोंबतो, ती.

त्याआधी एवढंच की ऐन उमेदीत मी अशाच एका लाडक्या पोराला दुसऱ्या राऊंडमध्ये आडवा केला होता. लोकांनी खुर्च्या आपटल्या, लढती जुळवणारा मॅचमेकर हसून 'छान' म्हणाला, आणि त्यानंतर कित्येक महिने माझा फोन वाजला नाही. मी नाइटक्लबच्या दारावर उभं राहून दिवस काढले.

ही लढत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. सहा राऊंडची. पोरगा उंच, वेगवान, आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून हात परत आणताना तो छातीपर्यंत खाली सोडणारा. हे मला पहिल्याच राऊंडमध्ये दिसलं होतं. चौथ्यात त्याने जॅब टाकला, मी वरून उजवा सोडला. नीट बसला. असा ठोसा बसला की हाताला काही लागल्यासारखं वाटतच नाही. त्याचे गुडघे आत वळले, पाठ दोरांवर गेली, दोन्ही हात कमरेला. डोळे माझ्याकडे होते, पण बघत नव्हते. हॉल एकदम शांत झाला. रेफरी अजून दूर होता. माझा उजवा हात पुन्हा खांद्यापाशी आलेला होता.

मी अर्धं पाऊल मागे घेतलं.

मग एक जॅब टाकला, कपाळावर. त्याने मला मिठी मारली आणि तो लटकून राहिला. मीही सोडवून घ्यायची घाई केली नाही. घंटा झाली. पाचवा आणि सहावा तो पळून लढला, गुणांवर 58-56 ने जिंकला. नंतर त्याचे वडील माझ्या ड्रेसिंग रूममध्ये आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, 'थँक यू.' कशाबद्दल, ते ते बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. माझ्या कोपऱ्यातला माणूस बँडेज कापत होता, त्याने मान वर केली नाही.

माझ्याकडे कारणं आहेत. दोरांवर अडकलेला माणूस डोळे मिटून हात फिरवतो आणि अशाच ठोशाने मोठमोठे आडवे झालेत. माझ्या उजव्या हाताचं हाड आधीपासून दुखत होतं. त्याचे ते डोळे. आणि फोन. यातलं एकही खोटं नाही. कुठल्या कारणाने पाऊल मागे आलं हे मला कळत नाही, कारण ते अर्ध्या सेकंदात झालं आणि अर्ध्या सेकंदात माणूस विचार करत नसतो. निदान मी तरी करत नाही.

पंचविशीतला मी हे ऐकून घेत नाही. तो म्हणतो, विकलंस की, फक्त पैसे उधारीवर घेतलेस. त्याला मी सांगतो की तू जिंकलास तेव्हा घरभाडं थकवलंस, ते मी फेडलं. तो म्हणतो, मी निदान झोपायचो. झोपत होता, खरं आहे. पण डोक्याला बसणाऱ्या माराचा हिशेब त्याला माहीत नव्हता. सततच्या ठोशांनी बॉक्सरच्या मेंदूचं काय होतं, यावर डॉक्टर 1928 पासून लिहितायत. याने त्यातलं अक्षर वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी थांबला असता असं नाही. मी वाचलंय आणि मीही थांबलेलो नाही.

दयेपोटी मागे आलो असं म्हणावं, तर तसल्याच डोळ्यांनी दोरांवर टेकलेल्या एकाला मी एरवी सोडलं नव्हतं. त्याच्यामागे तिकिटं नव्हती, तो माझ्यासारखाच होता. हे मी फारसं कोणाला सांगत नाही. ती लढत मी जिंकलो, आणि तिच्याबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

तो उंच पोरगा आता दहा राऊंडच्या लढती लढतो. मध्यंतरी त्याने मला स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, बोलावलं. पैसे चांगले दिले, लढतीपेक्षा बरे. त्या रात्रीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. त्याचा हात जॅबनंतर अजूनही खाली येतो. मी दोनदा वरून उजवा टाकला, हलका, दोन्ही वेळा बसला. त्याचा कोच बाजूने फोनवर बोलत होता. हात वर ठेव म्हणून सांगावंसं वाटलं, पण मला पैसे स्पारिंगचे मिळत होते, आणि पुढेमागे त्याच्यासमोर उभं राहायचा फोन मलाच येऊ शकतो.