सीरियल किलर, मास मर्डरर आणि पुण्यातली ती चार पोरं

मागच्या रविवारी मामेभाऊ जेवायला आला होता. एक नंबरचा क्राइमवेडा, एफबीआय म्हणू नका, प्रोफायलिंग म्हणू नका, रात्र रात्र जागून एपिसोड बघणार आणि सकाळी ऑफिसला डोळे चोळत जाणार. आमटी ओरपता ओरपता विचारतो, जोशी-अभ्यंकरवाल्यांना, म्हणजे १९७६-७७ मध्ये पुण्यात दहा खून करणाऱ्या त्या चार पोरांना, नक्की काय म्हणायचं, सीरियल किलर की मास मर्डरर? मी काही बोलणार तेवढ्यात आई भात वाढत म्हणाली, "काय म्हणायचं ते म्हणा, आम्ही सातच्या आत कड्या लावून बसायचो." ती तेव्हा सदाशिव पेठेत राहायची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. विषय तिथेच मिटला, पण माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला, म्हणून ही पोस्ट.

पुस्तकी भाग आधी उरकते. एकाच जागी एका दमात चार किंवा जास्त माणसं मारली की मास मर्डर. मारलं, मग आपल्या रोजच्या आयुष्यात परत गेला, काही दिवसांनी पुन्हा मारलं, की सीरियल. आणि मध्ये श्वासही न घेता जागा बदलत मारत सुटला की स्प्री. आता यात आकड्याची गंमत बघा, १९९८ च्या अमेरिकन कायद्यात सीरियलसाठी किमान तीन खून लागायचे, २००५ साली सॅन अँटोनिओला एफबीआयने तज्ज्ञ जमवले तर त्यांनी ते दोनवर आणलं आणि स्प्री हा वेगळा कप्पा पोलिसांच्या काही कामाचा नाही असं म्हणून मोकळे झाले. म्हणजे दोन खून केलेला एखादा माणूस कालपर्यंत त्या यादीत नव्हता आणि आज आला, त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मात्र तसूभरही बदललं नाही.

आता जोशी-अभ्यंकर. ३१ ऑक्टोबर १९७६, विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरी तीन खून. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात एका रात्रीत पाच. त्याच्या आधी जानेवारीत कॉलेजमधलाच एक मुलगा, नंतर मार्च १९७७ मध्ये अजून एक, एकूण दहा. म्हणजे अभ्यंकरांच्या घरापुरतं बघितलं तर मास मर्डर, सगळं मिळून बघितलं तर सीरियल. मामेभावाला हे सांगितलं तर म्हणे "मग दोन्ही." बरं, दोन्ही. पण दोन्ही म्हणून आपल्याला नवीन काय कळलं?

'का' या प्रश्नावरही कप्पे आहेत. एफबीआयचे रॉबर्ट रेस्लर, जॉन डग्लस आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संशोधक अ‍ॅन बर्जेस यांनी खून केलेल्या ३६ कैद्यांच्या मुलाखतींवरून दोन गट पाडले, ऑर्गनाइज्ड आणि डिसऑर्गनाइज्ड. पहिला ठरवून करतो, हत्यार बरोबर आणतो, पुरावा पुसतो. दुसरा हाताला लागेल ते उचलतो आणि सगळं पसरून जातो. ऐकायला एकदम पटतं. पण २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर वगैरे मंडळींनी अमेरिकेतल्या १०० सीरियल किलर्सचे खून तपासले तर असे दोन वेगळे गट दिसेचनात, ठरवून करणं बहुतेकांच्यात होतंच. होम्स आणि डी बर्गर या अभ्यासकांनी सीरियल किलरचे चार प्रकार पाडलेत, आवाज ऐकू येणारा, 'मिशन'वाला, मजेसाठी किंवा फायद्यासाठी मारणारा आणि सत्ता गाजवायला मारणारा.

यातल्या पहिल्या कप्प्यात आपल्याकडचा रामन राघव अगदी फिट बसतो. साठच्या दशकातली मुंबई, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली गरीब माणसं, रात्री डोक्यात घाव. आधी एकदा पोलिसांच्या हाती लागून सुटलाही होता. ऑगस्ट १९६८ मध्ये सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्होंनी त्याला ओळखून पकडला, तपास रमाकांत कुलकर्णींकडे. पठ्ठ्या तोंड उघडेना, शेवटी चिकन खायला घातलं तेव्हा बोलायला लागला. आणि बोलला ते सगळं 'कानून'बद्दल, आपण कानूनचे, बाकीचे आपल्याला बिघडवायला टपलेत, असं काहीतरी. सेशन्स कोर्टाने फाशी दिली, पण नंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या बोर्डाने तपासून सांगितलं की स्किझोफ्रेनिया आहे आणि बरा होणारा नाही, १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली, १९९५ ला ससूनमध्ये किडनीच्या आजाराने गेला. (हे वाचून कुणी स्किझोफ्रेनिया म्हणजे खुनी असं समजू नका प्लीज, माझ्या ओळखीत हा आजार असलेली व्यक्ती आहे, ती झुरळसुद्धा मारत नाही.)

पण 'वेडा होता' हे आपल्याला इतकं सोयीचं वाटतं ना, की आपण ते सगळ्यांनाच लावतो. पुण्यातली ती चार पोरं, जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह, यातलं कोणी वेडं नव्हतं. कमर्शिअल आर्टची पोरं, दारू, मोटरसायकली, पैसा हवा. नायलॉनची दोरी घेऊन लोकांच्या दारात जायची. एकेकट्याला गाठून विचारलं असतं तर चारातल्या तिघांनी तरी हे केलं असतं का, मला शंका आहे. एकाने सुरुवात केली, दुसरा मागे हटला तर भित्रा ठरणार, तिसऱ्याला आता सगळं माहीत झालंय म्हणून तो बांधलेला. हे माझं मत आहे, कुठल्या चेकलिस्टमधलं नाही.

गावित प्रकरण तर एकाच घरातलं. आई अंजनाबाई आणि दोन मुली, रेणुका आणि सीमा. गर्दीत पाकीटमारी करताना पकडलं गेलं तर कडेवर पोर असलेलं बरं, लोकांना दया येते, म्हणून लहान मुलं पळवायची आणि पोर रडायला लागलं, अडचण व्हायला लागली की मारायचं. हा 'फायद्यासाठी'वाला कप्पा म्हणे. मला ते वाचताना पोटात कसंतरी होतं, कारण फायदा तरी किती, तर एका पाकिटाचा. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये दोघी बहिणींची फाशी कायम केली, दयेचा अर्ज फेटाळल्यावरही अंमलबजावणी इतकी रखडली की जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने त्याची जन्मठेप केली.

सायकोपॅथी, म्हणजे दुसऱ्याबद्दल दयामाया, पश्चात्ताप काहीच न वाटणं, ती मोजायला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअरची चेकलिस्ट आहे, २० मुद्दे, ४० पैकी मार्क, अमेरिकेत साधारण ३० च्या वर गेलं की सायकोपॅथ. मार्क एकट्याला मिळतात. चौघांच्या टोळक्याला किंवा एका कुटुंबाला कसे द्यायचे ते त्यात नाही. माझं सगळं घोडं इथे अडतं.

आणि अजून एक जण कुठल्याच कप्प्यात सापडत नाही, माफीचा साक्षीदार. गावित प्रकरणात तो रेणुकाचा नवरा होता. पुण्याच्या प्रकरणात या चौघांचा पाचवा दोस्त, पहिल्या खुनात हा सामील होता, नंतर लांब झाला. म्हणजे जानेवारी १९७६ पासून त्याला माहीत होतं. आई कड्या लावून बसायची त्या दिवसांत तोही पुण्यात कुठेतरी पेपर उघडून त्या बातम्या वाचत असणार.

मामेभावाला काल फोनवर विचारलं, याला काय म्हणायचं सांग. तो म्हणाला थांब, बघून सांगतो. अजून त्याचा मेसेज आला नाहीये.