तात्यांचा सोयाबीनचा भाव आणि दोन उभ्या रेघा

लातूर जिल्ह्यातल्या औशात माझं फॉर्म भरायचं सेंटर आहे, पीक विमा, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, सात-बारा, हयातीचा दाखला, काय म्हणाल ते. म्हणजे दिवसभर मी दुसऱ्यांच्या फोनमधेच असते, लोक ओटीपी काय पासवर्डसुद्धा मोठ्यानं सांगून मोकळे होतात, ताई तुम्हीच टाका की. एवढा विश्वास टाकतात म्हणून मला ही अॅड ब्लॉकरची, म्हणजे फोनमधल्या जाहिराती अडवणाऱ्या सोयीची गोष्ट नीट लिहायची होती, कितीतरी दिवस राहूनच गेलं.

सुरुवात तात्यांपासून. तात्या आमच्याच गल्लीतले, सहा एकर रान, सोयाबीन आणि तूर. ऑक्टोबरमधे एक दिवस सकाळी सकाळी सेंटरवर आले, "ताई, फोनला व्हायरस लागलाय म्हनूलालंय बगा, रातभर टिंगटिंग वाजलालंय." बघितलं तर वर लाल अक्षरात नोटिफिकेशनची रांग, तुमचा फोन हॅक झाला, तुमचं खातं बंद होणार, आत्ता साफ करा. व्हायरस बियरस काही नव्हता. तात्या रोज लातूरच्या मोंढ्याचा, म्हणजे धान्यबाजाराचा भाव बघायला एक पान उघडतात, तिथं एकदा चौकट आली असणार की ही साइट तुम्हाला सूचना पाठवू का म्हणून, आणि भाव दिसायचा तर हे दाबावंच लागतंय असं समजून त्यांनी होय दाबलं. झालं. त्या दिवसापासून त्या साइटला त्यांच्या फोनवर हवं तेव्हा काहीही पाठवायची मुभा मिळाली. ब्राउझरच्या सेटिंगमधे साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, तिथून त्या साइटची परवानगी काढली आणि फोन गप झाला. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमधे आजच जाऊन बघा, बहुतेकांच्या यादीत अशी दोन-चार नावं निघतातच.

पण मला खरं हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कोण, कुठली ते सांगत नाही. केवायसी करायला आलेली एक सून, काम झालं तरी बसून राहिली, दुकान रिकामं झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, फोनमधी काय बघितलं ते दुसऱ्याला कळतंय का?" घरात मोठा फोन एकच. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. एका रात्री तिनं त्याबद्दल दोन-तीन पानं वाचली, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि वाचून झाल्यावर हिस्टरी पुसली, तेवढं तिला येत होतं. दोन दिवसांनी सासू त्याच फोनवर बातम्या बघत बसली तर बातमीच्या मधोमध टेस्ट ट्यूब बेबीची जाहिरात, खाली परत तीच, दुसऱ्या बातमीत परत तीच. सासूनं सगळ्यांसमोर विचारलं, हे कोण बघूलालंय म्हणून. ती मला एवढंच म्हणाली की मी तर पुसलं होतं.

तिनं पुसली ती फक्त फोनमधली नोंद. तिनं वाचलेल्या पानावर त्या साइटवाल्याबरोबर आणखी कितीतरी कंपन्यांचे तुकडे बसवलेले असतात, कुठं जाहिरातीचा कोड, कुठं एका ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र. पान उघडलं की फोन त्या प्रत्येकाकडं जाऊन हजेरी लावतो, आणि ते फोनला एक नंबर चिकटवतात, कुकी म्हणतात ती हीच. मग बातमीच्या साइटवर त्याच कंपनीचा तुकडा असला की नंबर ओळखला जातो, हा तोच फोन, याला परवा काय पाहिजे होतं, दाखवा जाहिरात. फोन एका माणसाचा असतो हे त्यांनी धरूनच ठेवलंय. आपल्याकडं एक फोन अख्खं घर वापरतं, त्यामुळं एकाचं दुखणं दुसऱ्याच्या डोळ्यासमोर येऊन पडतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. फार मोठा निकाल, पण ती बाई रात्री एकटी ते पान वाचत होती तेव्हा तिच्या बाजूनं त्या फोनमधे कुणीच उभं नव्हतं.

मला अॅड ब्लॉकर हवा तो यासाठी. जाहिरातीचा वैताग जातो, पान भराभर उघडतं, डेटा वाचतो, ते सगळं आहेच, पण माझ्या लेखी ते नंतरचं.

आता तो काम कसा करतो. मी वापरते ते युब्लॉक ओरिजिन, हे एक्स्टेन्शन आहे, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. त्याच्यात स्वतःचं डोकं फार नसतं, त्याच्याजवळ याद्या असतात. पान उघडताना ब्राउझर जिथं जिथं काही मागायला जातो, ते प्रत्येक मागणं यादीशी ताडून बघितलं जातं, यादीत असलं तर तिथंच अडवलं, बाहेर गेलंच नाही. जाहिरात आणून मग झाकली असं नाही, ती आणायलाच कुणी गेलं नाही, म्हणून हजेरीही लागली नाही. यादीतली एक ओळ अशी असते, आधी दोन उभ्या रेघा || मग त्या कंपनीचा पत्ता, शेवटी ^ असं टोपीसारखं चिन्ह. अर्थ एवढाच की या पत्त्यावर आणि याच्या पोटातल्या कुठल्याही पत्त्यावर जायचं नाही. ## आलं की समजायचं पानावरची अमुक चौकट दाखवायची नाही. @@ आलं की याला सूट, कारण अडवलं तर पान मोडतंय. असल्या हजारो ओळी. आणि त्या कुठल्या मशीननं लिहिलेल्या नाहीत हे मला कळलं त्या दिवशी मी खरंच थोडा वेळ गप्प बसले.

अॅडब्लॉक नावाचं पहिलं एक्स्टेन्शन २००२ मधे डेन्मार्कच्या एका विद्यार्थ्यानं केलं, हेन्रिक सोरेन्सन. पण काय अडवायचं ते प्रत्येकानं आपलं आपण लिहायचं, असा प्रकार होता. मग २००५ मधे रिक पेटनेल नावाच्या माणसानं आपली यादी सगळ्यांसाठी उघडी ठेवली, ईझीलिस्ट. तो २००९ मधे वारला. यादी थांबली नाही, दुसऱ्यांनी हातात घेतली, आजही जगातले बरेचसे अॅड ब्लॉकर तीच वापरतात. तिचीच बहीण ईझीप्रायव्हसी, ती खास पाळत ठेवणाऱ्या तुकड्यांसाठी. आणि युब्लॉक ओरिजिन करणारा रेमंड हिल, तो देणगीच घेत नाही, द्यायचंच असेल तर याद्या सांभाळणाऱ्यांचा विचार करा असं सांगतो. म्हणजे औशातली ती बाई आणि ते लोक, काही संबंध नाही, तरी त्यांनी कधीतरी लिहिलेल्या एका ओळीनं तिची लाज राखली असती. फक्त ती ओळ तिच्या फोनपर्यंत पोचली नव्हती.

पोचवायचं काम आता मी करते, विचारून, त्यांच्यासमोर. फोनवर फायरफॉक्स हा ब्राउझर घ्यायचा, कारण अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समधे युब्लॉक ओरिजिन बसतं, फोनच्या क्रोममधे एक्स्टेन्शन चालतच नाहीत. कॉम्प्युटरवरच्या क्रोममधे आधी चालायचं पण गूगलनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला, त्यात प्रत्येक मागणं त्या त्या वेळी तपासून अडवायची सोय काढून घेतली, नियम आधीच ब्राउझरकडं मोजूनमापून द्यायचे. २०२४ पासून क्रोमनं जुनी एक्स्टेन्शन बंद करत आणली. युब्लॉक ओरिजिन लाइट म्हणून हलकं रूप आहे, काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं, पण पूर्ण ताकद पाहिजे तर फायरफॉक्स. जगातली सगळ्यात मोठी जाहिरात कंपनी आणि सगळ्यात जास्त चालणारा ब्राउझर एकाच घरचे आहेत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

एक सांभाळा, नावात ओरिजिन पाहिजे. नुसतं युब्लॉक वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि अॅड ब्लॉकर म्हणून शोधून जे वर येईल ते टाकू नका, २०१८ मधे अॅडगार्ड नावाचा ब्लॉकर करणाऱ्या कंपनीनं क्रोमच्या दुकानातले पाच नकली ब्लॉकर उघडे पाडले होते, दोन कोटींहून जास्त लोकांनी टाकलेले. राखणीला ठेवलेलाच चोर निघाला तर काय करायचं, कारण ब्लॉकरला तुमचं प्रत्येक पान दिसतं.

ज्यांना ब्राउझर बदलणं जमत नाही त्यांच्या फोनमधे मी प्रायव्हेट डीएनएस लावून देते, डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता शोधून देणारी सोय, अँड्रॉइड ९ पासून पुढं सगळ्यांत आहे, सेटिंगमधे नेटवर्कच्या भागात. तिथं अॅडगार्डच्या डीएनएसचा पत्ता टाकला की इतर अॅपमधल्यासुद्धा बऱ्याच जाहिराती थांबतात. पण ते फक्त पत्ता बघतं, पानाच्या आतलं त्याला दिसत नाही, म्हणून यूट्यूबच्या जाहिराती त्यानं जात नाहीत, आणि कुठं वायफायचं लॉगिनचं पान उघडेना तर घटकाभर बंद करावं लागतं. शिवाय तुम्ही कुठल्या कुठल्या साइटवर जाता ते त्या डीएनएसवाल्याला दिसतं, हे मी प्रत्येकाला सांगूनच लावते. फोन नवा असला तर प्रायव्हसीतून जाहिरातीचा आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्यावरून फोन ओळखतात तो नंबर, तो पण डिलीट करून टाकते. आणि तुम्ही लॉगिन करून जे कुणाला स्वतःच्या हातानं दिलं ते कुठलाच ब्लॉकर परत आणत नाही, तेही सांगते.

सर्च करताना वर प्रायोजित म्हणून जे येतं त्याबद्दल तर मी हात जोडून सांगते. सरकारी साइटसारखी दिसणारी साइट, फुकटच्या कामाला पैसे मागणारी, त्यातून रडत आलेली पोरं मी बघितलीत. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मधे असल्याच नकली सर्च जाहिरातींबद्दल इशारा देताना लोकांना अॅड ब्लॉकर वापरा असं सांगितलं होतं, पोलिसांनीच सांगितलंय म्हटल्यावर आपली माणसं ऐकतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

छोटी मराठी पोर्टल चालवणारी पोरं जाहिरातीवरच जगतात हे मला माहितीय, त्यातले काही माझे ओळखीचे. गावातल्या दुकानाची साधी चित्राची जाहिरात, मागं कुणाचा कोड नाही, तर ती दिसूदे, त्या साइटला मी स्वतः सूट देते. माझं भांडण दुकानाच्या पाटीशी नाही, पाटीमागून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत मागं मागं येणाऱ्याशी आहे.

तर तात्यांचं भावाचं पान. फायरफॉक्स दिला, युब्लॉक दिलं, बऱ्याच जाहिराती गेल्या, तरी त्या पानावर भावाच्या तक्त्यावर एक मोठं हिरवं बटण तरंगतच राहायचं, आजचा भाव इथे बघा, दाबलं की भलतंच अॅप उतरायला लागायचं. इंग्रजी साइटवर असलं काही आलं की कुणीतरी कळवतं आणि यादीत ओळ पडते. मराठी साइटचं कळवणार कोण? युब्लॉकच्या याद्यांमधे इंडियनलिस्ट नावाची एक आहे, मराठीही तिच्यात येते, ती आपल्या हातानं टिक करून घ्या. पण यादी सांभाळणाऱ्याला औशातले लोक कुठलं पान उघडतात ते स्वप्नात तर दिसणार नाही.

मी आधी पिकर वापरला, युब्लॉकच्या खिडकीत ड्रॉपरसारखं चिन्ह आहे, ते घेऊन बटणावर ठेवलं की ते लाल होतं आणि खाली ओळ आपोआप तयार होते. पहिल्यांदा बटणाबरोबर अख्खा तक्ताच गायब झाला, कारण दोन्ही एकाच चौकटीत होते. पट्टी सरकवून सरकवून नेमकं बटण पकडलं. तात्यांपुरतं काम झालं, पण त्या पानावर जिल्ह्यातले किती तात्या येत असतील. मग रात्री गिटहबवर, म्हणजे यादी सांभाळणारे जिथं तक्रारी घेतात त्या साइटवर, खातं काढलं, मोडक्या इंग्रजीत लिहिलं, पानाचा पत्ता, बटणाचा फोटो, ही माझी ओळ, हे शेतकऱ्यांचं भावाचं पान आहे, हे बटण भाव दाखवत नाही. चार दिवसांनी उत्तर आलं, धन्यवाद, घेतली. माझ्यापेक्षा चांगली करून घेतली होती, बटण जिथून यायचं तो पत्ताच अडवला, दोन उभ्या रेघा टाकून.

नंतर तात्या आले तेव्हा मी त्यांच्या फोनमधली माझी ओळ काढून टाकली, याद्या ताज्या केल्या आणि पान उघडून त्यांच्या हातात दिलं. बटण नव्हतं. तात्यांनी चष्मा वर केला, तक्त्यावर बोट ठेवून खालपर्यंत नेलं, लातूर, पिवळा, किमान, कमाल.

"हमीभाव ५,३२८ म्हनतेत आन् मोंढ्यात बगा काय देलालेत," म्हणाले, "ह्या हप्त्यात घालत न्हाई मी माल."