उसने म्हातारपण

नायकाची कारकीर्द तारुण्याच्या भांडवलावर चालते आणि ते भांडवल वर्षागणिक आटत जाते. चरित्र अभिनेत्याचा हिशेब नेमका उलटा असू शकतो, हे मला वॉल्टर ब्रेनन यांचे जुने अमेरिकन चित्रपट ओळीने पाहताना उमगले. १८९४ साली जन्मलेले ब्रेनन चाळिशीच्या आसपासच पडद्यावर म्हातारे झाले आणि पुढची तीन दशके म्हातारेच राहिले.

विसाच्या दशकात ते हॉलिवूडमध्ये गर्दीतला एक चेहरा म्हणून काम करत होते. पुढे एका अपघातात त्यांचे समोरचे दात गेले, आणि एखाद्या नायकाला आयुष्यातून उठवणारी ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. कवळी काढली की गाल आत जात, उच्चार बोबडे होत आणि वयात वीस वर्षांची भर पडे. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स एक आठवण सांगत असत: ब्रेनन प्रथम भेटायला आले तेव्हा संवाद म्हणण्याआधी त्यांनी विचारले, दात लावून की दात काढून? आठवणींना तिखटमीठ लावण्याची हॉक्स यांना सवय होती खरी, पण त्या प्रश्नात या व्यवसायाची सारी जाण आहे.

सहायक अभिनेत्यासाठी ऑस्कर देण्याची प्रथा १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाली आणि पहिलाच पुरस्कार ब्रेनन यांना मिळाला. १९३८ आणि १९४० च्या चित्रपटांसाठीही तेच मानकरी ठरले. त्या काळी या विभागातील विजेत्यांना पुतळा नव्हे, तर केवळ एक फलक दिला जाई. दुय्यमपणा पारितोषिकातही जपलेला होता. गर्दीतल्या कलाकारांना तेव्हा मतदानाचा हक्क होता आणि त्यांनी आपल्या जुन्या सोबत्याला भरभरून मते दिली, असेही सांगितले जाते. पहिल्या दोन पुरस्कारांबद्दल मी वाद घालणार नाही, परंतु तिसऱ्याबद्दल कुणी शंका घेतली तर मला ती मान्य होणार नाही.

तो चित्रपट म्हणजे ‘द वेस्टर्नर’. त्यात गॅरी कूपर नायक आहेत आणि ब्रेनन यांनी दारूच्या गुत्त्यातच न्यायालय भरवून माणसांना फासावर पाठवणारा न्यायाधीश रॉय बीन उभा केला आहे. हा क्रूर माणूस लिली लँगट्री या नटीवर दुरूनच भाळलेला आहे. शेवटी तिचा प्रयोग पाहण्यासाठी तो नाट्यगृहातील सगळी तिकिटे विकत घेतो, जुना लष्करी गणवेश चढवून रिकाम्या प्रेक्षागृहात एकटाच जाऊन बसतो, आणि पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर लिलीऐवजी कूपर उभे असतात. पुढच्या चकमकीत प्राणघातक जखमी झालेल्या बीनला अखेर तिच्यापुढे नेले जाते. खलनायकाच्या डोळ्यांत त्या क्षणी शाळकरी मुलासारखा संकोच दिसतो. ब्रेनन तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते.

अशा भूमिका क्वचितच मिळत. एरवी नायकाच्या मागे कुरकुरत चालणारा, वेळेला जीव धोक्यात घालणारा सोबती हेच त्यांचे रोजचे काम होते. १९४४ मध्ये हम्फ्री बोगार्ट यांच्याबरोबर त्यांनी असाच एक दारुडा रंगवला. दोघांच्या वयात जेमतेम पाच वर्षांचे अंतर होते, हे पाहताना खरे वाटत नाही.

१९५७ मध्ये ‘द रिअल मॅकॉइज’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली तेव्हा ब्रेनन त्रेसष्ट वर्षांचे होते. लंगडत चालणारे, सगळ्यांवर खेकसणारे अमॉस आजोबा प्रेक्षकांना पहिल्याच भागापासून घरचे वाटले असावेत, कारण हा म्हातारा ते वीस वर्षे पाहत आले होते. मालिका १९६३ पर्यंत चालली. चित्रपटात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येणारे नाव येथे सर्वांत वर होते. दरम्यान, एका वृद्ध शेतकऱ्यावरील त्यांचे गद्यगीत १९६२ मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या स्थानापर्यंत पोहोचले.

१९६७ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आणखी एका मालिकेत बेपत्ता मुलाच्या शोधात नातवासह घोड्यावरून हिंडणारा आजोबा साकारला. आता वय वाढवून दाखवण्याची गरज उरली नव्हती. म्हातारपणाचा जो अभिनय त्यांनी इतकी वर्षे केला, त्यातला किती भाग या वेळी अभिनय होता, हे मला त्या मालिकेचे भाग पाहताना ओळखता येत नाही.